सातव्या मजल्याचं दार

६ जानेवारी, मंगळवार

माननीय सचिवमहोदय,

आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर, रखवालदाराच्या टेबलावर, बाहेरून येणाऱ्यांनी सही करायची एक वही आहे. त्या वहीला सुतळीने एक पेन बांधलेलं आहे. सुतळीची लांबी, मी माझ्या टेपने मोजली, साडेचार इंच. टेबल इतकं बुटकं की सही करायची तर चांगल्या उंच माणसाला कंबरेतून वाकावं लागतं, आणि वाकलं की डोकं नेमकं समोरच्या पाटीपुढे येतं. पाटीवर सोनेरी अक्षरांत आपलं नाव, खाली 'मानद सचिव'. पेन चोरीला जाऊ नये ही आपली काळजी मी समजू शकतो. पण चार दमड्यांच्या पेनापायी एखाद्याने स्वतःच्या धाकट्या भावाला दर पंधरवड्याला मुजरा करावा, हे कोणत्या नियमात बसतं? सुतळी निदान हातभर असावी, असा ठराव कमिटीपुढे मांडावा ही नम्र विनंती.

बारक्या, मी आहे. दादा.

आमच्या लिफ्ट कंपनीने मेकॅनिकांच्या हद्दी नव्याने वाटल्या आणि तुझी इमारत माझ्या पदरात पडली. साहेबांनी विचारलं, "काही अडचण?" मी म्हटलं, "अडचण कसली? वर जाते, खाली येते. लिफ्टला नातीगोती नसतात."

सहा वर्षं आपण बोललेलो नाही, हे कित्येकांना ठाऊकसुद्धा नसेल. दर रविवारी आपण एकाच चर्चमध्ये असतो. तू पुढच्या बाकावर, मी खांबाआड. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या पेल्यांचं तबक घेऊन तू ओळीओळीने फिरतोस. माझ्या ओळीशी आलास की तबक माझ्या हाती देतोस आणि छताकडे बघतोस. त्या छताला तू इतकं निरखलं आहेस की ओल कुठून येते ते एव्हाना तुला कळलं असेल.

आईच्या दफनाच्या वेळी तू प्रार्थना केलीस, ती मला पाठ आहे. "प्रभू, माझ्या थोरल्या भावाला क्षमा कर. त्याच्या रागाने आईचं काळीज पोखरून टाकलं." डोळे मिटून म्हणालास. भांडणात म्हणाला असतास तर मी उत्तर दिलं असतं, एकाला दोन दिली असती. पण प्रार्थनेत मध्येच तोंड कसं घालणार? ती देवाला उद्देशून चाललेली. मी आपला बाजूला उभा, मुठीत माती घेऊन. तुझं संपलं, दीडशे माणसं 'आमेन' म्हणाली, आणि सवयीने मीही म्हणालो. आरोपपत्र तुझं, त्यावर अंगठा माझा.

मी ओरडायचो, हे खरं. ताटं आपटली, हेही खरं. पण त्या दिवसापासून आजतागायत मी आवाज चढवलेला नाही. कुणालाही विचार. राग येतच नाही म्हण ना.

असो. लिफ्ट जुनी आहे, पण धडधाकट. फक्त तुमच्या सातव्या मजल्याच्या दाराचं कुलूप किंचित सैल वाटलं. पुढच्या खेपेला बघतो.

दादा


२० जानेवारी, मंगळवार

बारक्या,

मागचं पत्र अजून हत्यारांच्या पिशवीत आहे, पान्यांच्या खाली. टाकीन.

आता एक विनोद ऐक. पाळकसाहेबांनी चर्चमध्ये दर गुरुवारी तापट माणसांचा गट सुरू केलाय, आणि त्याचं पुढारीपण मला दिलंय. म्हणाले, "तुमच्यासारखा पालट मी दुसरा पाहिला नाही. सहा वर्षांत तुमचा आवाज कुणी ऐकलेला नाही."

"खोकला ऐकला असेल," मी म्हटलं. ते हसले. माझ्या विनम्रतेवर खूश झाले.

लहान मुलांच्या वर्गात आम्ही सातजण बसतो. खुर्च्या मुलांच्याच, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. अशा अवस्थेत माणूस रागावूच शकत नाही. निम्मं काम खुर्चीच करते. उरलेलं मी. शंभरपर्यंत आकडे मोजा. गार पाणी प्या. खोलीबाहेर जा. आणि वचनाप्रमाणे सूर्य मावळायच्या आत राग मिटवा.

गटात एक बेकरीवाल्या बाई आहेत, भट्टीजवळ उभं राहून चेहरा विटेसारखा झालेला. त्यांनी विचारलं, "आणि मावळायच्या आत नाही मिटला तर?"

"सूर्य दुसऱ्या दिवशी उगवतोच की. पुन्हा संधी."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला ओरडणाऱ्या माणसाचं भय नाही वाटत, दादा. माझी गॅसची भट्टी आवाज करते तोवर मी तिच्यापाशी निवांत असते. आवाज बंद झाला आणि वास येत राहिला, की मी आधी कामावरच्या बायकांना बाहेर काढते."

मी पुढचं वचन वाचायला घेतलं.

आज सकाळी तुला पाहिलं. मी आठव्या मजल्याच्या जिन्यावर होतो, पिशवी मांडीवर घेऊन. तू दाराबाहेर आलास. आतून तुझ्या बायकोचा आवाज: "छत्री?"

"आभाळ बघ जरा."

"मागच्या अवकाळी पावसातही हेच म्हणालात, आणि चिंब होऊन आलात."

"मागच्या वेळी पावसाने मला विचारलं नव्हतं," तू म्हणालास, आणि हात मागे नेऊन लिफ्टचं दार ओढलंस, आणि पाठमोराच आत शिरलास.

पाठमोरा. लहानपणी शाळेला जातानाही तू असाच निघायचास, तोंड आईकडे, पाय रस्त्याकडे. शेवटचा शब्द आपलाच हवा, म्हणून. सवय गेली नाही तर.

तू गेल्यावर कुलूप उघडून बघितलं. ही जुनी हाताने ओढायची दारं कशी असतात ते सांगतो. लिफ्टची केबिन समोर नसली की आतला एक लोखंडी आकडा दार धरून ठेवतो. केबिन आली की आकडा उचलला जातो आणि दार उघडतं. म्हणून लोक काचेतून बघत नाहीत. दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली, हे सगळे गृहीत धरतात. तुमच्या मजल्याचा आकडा झिजलाय, स्प्रिंग थकलीय. अर्धाच बसतो. नवा टाकायचा म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

सुटा भाग पिशवीत नव्हता. मजल्यावर टांगलेल्या कार्डावर 'ठीक' लिहून आलो.

दादा


३ फेब्रुवारी, मंगळवार

बारक्या,

भांडारात विचारलं. आकडा शिल्लक नाही म्हणाले. त्याला मी काय करू?

परवा पहिला रविवार होता. पाळकसाहेब बायबलातल्या त्या पहिल्या दोन भावांवर बोलले, ज्यांतल्या थोरल्याने धाकट्याला शेतात नेऊन मारलं. थोरल्याचं तोंड उतरलं होतं, तेव्हाच देवाने त्याला बजावलं होतं की दाराशी जनावर दबा धरून बसलंय, सांभाळ. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, देव आधी सूचना देतो. कार्यक्रम मागाहून होतो." सगळे हसले. नंतर तू तबक घेऊन आलास. तुझा अंगठा आणि माझा अंगठा एका तबकावर. ज्याचं भावाशी काही असेल त्याने आधी उठून ते मिटवावं, मगच प्रभुभोजनाच्या मेजाशी यावं, असं तोवर सांगून झालं होतं. तू छताकडे बघितलंस. मी पेला घेतला. द्राक्षरस गोड होता.

घरी तुझी वहिनी म्हणाली, "तुम्ही ओरडायचात तेव्हा निदान घरात माणूस आहे असं वाटायचं."

"आता काय वाटतं?"

"आता मी स्वयंपाक करताना मागे वळून बघते."

बायकांना काही खपत नाही. ओरडलं तरी दुखणं, नाही ओरडलं तरी दुखणं.

आज तुमच्या मजल्यावर केबिन नसताना दार ओढून बघितलं. उघडलं. एक हिसका, बस. खाली वाकून पाहिलं. ग्रीसचा वास, थंड वारा, आणि सात मजले खाली केबिनचं छप्पर, काडेपेटीएवढं. दार हळूच लोटलं.

नियम साधा आहे. कुलूप धरत नसेल तर लिफ्ट बंद करायची आणि पाटी लावायची. पाटी माझ्या पिशवीतच असते.

कार्डावर 'ठीक' लिहिलं.

एक गोष्ट नीट समजून घे. ते दार मी सैल केलेलं नाही. ते आपोआप झिजलं. मी काहीच केलेलं नाही. कुणीही, कधीही विचारलं तरी मी हेच सांगणार, की मी काहीच केलेलं नाही.

दादा


१२ फेब्रुवारी, गुरुवार

बारक्या,

गट सुटल्यावर बेकरीवाल्या बाई खुर्च्या रचायला थांबल्या. एकावर एक चार खुर्च्या झाल्या, मग म्हणाल्या, "दादा, तुमचा कुणावर आहे?"

"माझा? कुणावरच नाही."

"नाव नाही विचारलं मी. तो माणूस आज सुखरूप आहे ना, एवढंच सांगा."

मी म्हटलं, "असेल की. त्याला काय धाड भरलीय?"

बाईंनी पाचवी खुर्ची ठेवली. "माझ्या नवऱ्यावर मी सोळा वर्षं ओरडले. मग एक दिवस ओरडणं बंद केलं. त्या आठवड्यात त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. मला माहीत होतं, त्याला नव्हतं. मी काही केलं नाही. दुकान बघितलं, पाव भाजले, रविवारी गाणी म्हटली. चौथ्या दिवशी तो पायरीवर बसला आणि म्हणाला, 'अगं, जग हलतंय.' तेव्हा मी पळत गेले दवाखान्यात. तो वाचला. त्याला अजून सांगितलेलं नाही."

"मग इथे कशाला येता? तुम्ही तर ओरडत नाही."

"म्हणूनच येते," बाई म्हणाल्या.

मी शंभरपर्यंत मोजायला लागलो. सवयच. सातवर आल्यावर थांबलो.

तुझ्या मजल्यावर दोनच घरं आहेत. शेजारचं कुलूपबंद. तुझी बायको लिफ्टमध्ये शिरायच्या आधी दरवेळी काचेतून आत डोकावते. मी पाहिलंय. ते मी कशासाठी पाहत होतो, हे मला विचारू नकोस. आणि भांडारात मी आकडा मागितलाच नव्हता. मागणीचा कागद भरायला दोन मिनिटं लागतात.

प्रभूने रागाला खुनाच्या शेजारी नेऊन बसवलंय. मला ती नेहमी वक्त्याची अतिशयोक्ती वाटायची. लोक जागे राहावेत म्हणून केलेली. राग कुठे, खून कुठे. मधे किती मजले असतील, असं वाटायचं.

मंगळवारी माझी फेरी आहे. तेव्हा पाटी लावतो. नक्की.

दादा


१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते तुला माहीत आहे. तरी माझ्या बाजूने लिहितो, कारण तुझी बाजू उजेडाची होती.

मी साडेआठला पोचलो. पाटी पिशवीत होती. तळमजल्यावर लिफ्ट बंद करून पाटी लावायची, एवढंच काम. ते न करता मी केबिन तिथेच सोडून जिन्याने वर आलो आणि आठव्याच्या पायरीवर बसलो. का? तुझ्या घरातून निघायची वेळ पावणेनऊ आहे. मला ती माहीत होती.

बसून मी काय करत होतो ते सांगतो. तुझी प्रार्थना आठवत होतो. शब्द न शब्द.

दार उघडलं. तू बाहेर आलास. "अहो, गॅसवाल्याला फोन करा," आतून आवाज.

"काल केला."

"कालचा फोन त्याने उचलला होता का?"

"फोन करणं माझ्या हातात आहे, उचलणं त्याच्या." तुझा हात मागे गेला. लिफ्ट तळाशी आहे हे मला माहीत होतं. हिसका. दार उघडलं. थंड वारा माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. तुला कसा लागला नाही? तू अजून हसत होतास, तुझ्याच विनोदावर. डावी टाच उचललीस.

मी ओरडलो.

सहा वर्षांचं एकदम. तुला काय ऐकू आलं कोण जाणे, मला आठवतं ते असं, "बारक्या, गाढवा, पाय हलवशील तर तंगडी मोडीन." हे वाक्य तू दहा वर्षांचा असताना विहिरीच्या कठड्यावर चढला होतास तेव्हाचं आहे. तसंच्या तसं निघालं. जिना दणाणला. खालच्या मजल्यांवर दारं उघडली.

तू थिजलास. टाच हवेत. सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलंस, "ओरडतोस काय असा?" आणि माझ्याकडे वळायला म्हणून ती टाच पुढे घेतलीस. मग माझी नजर जिथे होती तिथे बघितलंस.

आपण दोघं किती वेळ भिंतीला टेकून बसलो होतो? तुझी बायको पाणी घेऊन आली. तू माझी बाही धरून ठेवली होतीस. मी हात सोडवून घेतला आणि लिफ्ट बंद करायला खाली गेलो. पाटी लावताना गाठ बसेना.

पाठीमागून तू रखवालदाराला सांगत होतास, "हा माझा दादा. आज हा नसता तर..."

मी काही बोललो नाही. यालाही 'काहीच केलं नाही' म्हणतात.


२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

बारक्या,

आज उपासनेत तू उभा राहून आभाराची प्रार्थना केलीस. म्हणालास, "प्रभू, ज्या आवाजाला मी सहा वर्षं दोष दिला, त्याच आवाजाने तू मला वाचवलंस. मला क्षमा कर, आणि माझ्या भावाला आशीर्वाद दे." दीडशे माणसं 'आमेन' म्हणाली. पाळकसाहेब चष्मा पुसत होते.

या वेळी मी म्हणालो नाही. बेकरीवाल्या बाई दोन ओळी पुढे होत्या. त्या वळून माझ्याकडे बघत होत्या, तुझ्याकडे नाही.

बाहेर तू मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "एक वाजता जेवायला ये. वहिनीलाही आण. सहा वर्षांचं जेवण उरलंय." मी येतो म्हणालो. सहा वर्षं जे हवं होतं ते सगळं एका सकाळी पदरात पडलं: तुझी माफी, तीही चारचौघांत, तीही प्रार्थनेत. आता फक्त गप्प बसायचं. त्यात तर मी तरबेज आहे.

पाळकसाहेबांना मी काल भेटलो. सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. मग म्हणाले, "देवाने तुम्हाला क्षमा केली आहे."

"त्याच्याशी माझं कधी बिनसलंच नव्हतं," मी म्हटलं. "तो सातव्या मजल्यावर राहत नाही."

"भावाला सांगितलंत तर तो तुमचं तोंड पाहणार नाही, असं झालं तर?"

"तसं तो सहा वर्षं पाहत नव्हताच. पण तेव्हा त्याच्याकडे खरं कारण नव्हतं."

मग कंपनीत गेलो. साहेबांसमोर ते कार्ड ठेवलं, दोन्ही तारखा आणि दोन्ही 'ठीक'सकट. त्या थोरल्या भावाने देवाला उलटा प्रश्न केला होता, मी काय त्याचा राखणदार आहे का. मला तेवढीही सोय नव्हती. कार्डावर माझ्या नावापुढे 'देखभाल' असंच छापलंय. साहेब म्हणाले, "चौकशी होईल. तोवर कामावर येऊ नका." मंगळवारी दुसरा माणूस नवा आकडा बसवेल. मी त्याला सांगितलंय, बाकीच्या मजल्यांचेही तपास.

ही पाचही पत्रं आणि हे सहावं एका पाकिटात घालतोय. एकही शब्द खोडलेला नाही. खोडावासा वाटला, विशेषतः बारा तारखेचा.


तोच दिवस, पाऊण वाजता, तुमच्या जिन्यावर

तुझी वहिनी आली नाही. तिला सांगितलं तेव्हा ती पोळपाटासमोर उभी होती. म्हणाली, "तुम्ही जा. तिथून परत आलात की मग मी मागे वळून बघायचं की नाही ते ठरवते."

सहाव्या आणि सातव्याच्या मधल्या पायरीवर बसून पेन्सिलीने लिहितोय. तुमच्या दारातून ताटं मांडल्याचा आवाज येतोय. तू काहीतरी म्हणालास आणि तुझी बायको हसली. मी पाकीट दाराखालून सरकवीन आणि इथेच बसेन. वाचून झाल्यावर तुला ओरडायचं असेल तर ओरड. दार उघडून ओरड, आत कोंडून ठेवू नकोस. त्यातलं मला थोडं कळतं. आणि दार नाही उघडलंस तर मी दोन वाजता उठेन, आणि पुढच्या रविवारी खांबाआड असेन. तबक आलं तर पुढे देईन. पेला घेणार नाही, तू सांगेपर्यंत.

वर येताना पाचव्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई भेटल्या. दोन हातांत कापडाची दोन गाठोडी, पायरीवर टेकलेल्या, धापा टाकत. मला ओळखत नव्हत्या. म्हणाल्या, "पाच दिवस झाले लिफ्ट बंद होऊन. तो लिफ्टवाला मेला सापडला तर बरं."

"सापडलाय," मी म्हटलं.

"मग धरून आणा ना त्याला. ही ओझी त्याच्या डोक्यावर देते."

मी एक गाठोडं त्यांच्या दाराशी नेऊन ठेवलं. सहा महिन्यांचे पडदे असावेत, चांगलं जड होतं. त्यांच्या मजल्याचं दारही तितकंच जुनं आहे, बारक्या. गेल्या महिन्यात मी ते ओढून बघितलंसुद्धा नव्हतं. माझं लक्ष एकाच दारावर होतं. बाई मात्र त्यातून रोज जात-येत होत्या.

दुसरं गाठोडं अजून खालीच आहे, तिसऱ्याच्या वळणावर. आता ते उचलल्याचा आवाज येतोय. हे पाकीट सरकवतो, आणि आधी तेवढं वर आणून देतो.

दादा